उभारी देणारा धन्वंतरी

दुःखिताची कीव करणे सोपे. त्याला पुन्हा चारचौघांत मानाने आणून बसविणे कठीण. हे कठीण काम ज्यांनी वैद्यकाचे कर्तव्य मानले, त्या डॉ. लुडविग गुट्टमन यांच्या चरित्राचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

तेव्हा जर्मनीत व आज पोलंडमध्ये असलेल्या टोस्ट गावी ३ जुलै १८९९ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१७ साली रुग्णालयात सेवा करीत असता पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार त्यांच्यासमोर आला. तो जगणार नाही असे सर्वांनी गृहीतच धरले होते. पाच आठवड्यांत तो गेला. ही आठवण त्यांनी जन्मभर जपली. पुढे ब्रेस्लाउ येथे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ म्हणून त्यांचा लौकिक झाला. परंतु १९३३ साली हिटलरी राजवटीने ज्यू डॉक्टरांना सरकारी सेवेतून हुसकावले, आणि १९३९ साली गुट्टमन बायकामुलांसह इंग्लंडच्या आश्रयास गेले.

फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी उघडलेला विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याची विद्या आजही माणसाला साधलेली नाही. पण गुट्टमन यांनी हेरले, की हे रुग्ण प्रायः दगावतात ते अंथरुणात पडून झालेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गातील संसर्गाने. दर दोन तासांनी, रात्रीअपरात्रीही, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक त्यांनी घातला व तो पाळला जातो की नाही, हे जातीने पाहिले. जीव वाचताच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि खेळ सुरू झाले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असता, चाकांच्या खुर्चीतील १६ जणांनी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर धनुष्य उचलले. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. तीच पहिली पॅरालिंपिक गणली जाते. १९६६ साली इंग्लंडने त्यांना 'सर' हा किताब दिला. १८ मार्च १९८० रोजी ते निवर्तले.

या परंपरेशी महाराष्ट्राचेही नाते आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले.

माडावरून कोसळलेला पाडेली किंवा रस्त्यावरील अपघातात कंबरेखाली लुळा पडलेला तरुण आपल्याकडेही आहेच. शस्त्रक्रिया झाली, घरी धाडले, की आपली जबाबदारी संपली, असे समाज आणि सरकार दोघेही मानतात. मग घरच्या कोनाड्यात, न बदललेल्या कुशीवर, त्याचे आयुष्य झिजते. त्याच्या कुटुंबाला शुश्रूषेचे शिक्षण, त्याला चाकांची खुर्ची, कचेरीत जाण्याजोगी उतरण आणि हाताला काम मिळणे हा त्याचा हक्क आहे. गुट्टमन यांचे खरे स्मारक तेच ठरेल.