वीर बाबूराव शेडमाके : एक पुण्यस्मरण

दरवर्षी २१ ऑक्टोबर उजाडला की चंद्रपूर कारागृहाच्या आवारातील पिंपळवृक्षाकडे समाजबांधवांची पावले वळतात. १८५८ साली याच दिवशी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, वीर बाबूराव शेडमाके यांना येथे फाशी देण्यात आली. त्यांचे हौतात्म्य सर्वश्रुत आहे; परंतु ते कोणाचे पुत्र, कोणाचे पती, कोणत्या मातीत वाढलेले, हे आपल्या मुलाबाळांना सांगणे तितकेच अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी परिसरातील किष्टापूर येथे झाला. पिता पुल्लेसूर बापू हे मोलमपल्लीचे जमीनदार. मातोश्रींचे नाव जुरजाकुंवर. बालपणीचे शिक्षण गोटुलात झाले. गोटुल ही आपल्या पूर्वजांची पाठशाळाच होय. तेथे तीरकमठा व भाला चालविण्याचे शिक्षण मिळे आणि ढोलाच्या ठेक्यावर, एकमेकांचे हात धरून रेला नाचण्याचेही. नाचात कोणी पुढे धावत नाही, कोणी मागे राहत नाही. सर्वांचे पाऊल एकदम पडते. सवंगड्यांसह शिकारीस जाणे आणि रानातच मुक्काम ठोकणे हा तर वनप्रदेशातील तरुणांचा जीवनक्रमच. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी बाबूरावांना रायपूरला पाठविण्यात आले. तथापि ते परतले ते आपल्याच माणसांत, आपल्याच अरण्यात. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गृहस्थाश्रमास प्रारंभ झाला.

हा संसार सुखाने चालावा असा काळ मात्र नव्हता. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याबरोबर चांदा प्रांतही कंपनीकडे गेला. जमीनदारांच्या पिढीजात अधिकारांवर गदा आली. अशा वेळी घरादाराच्या सुखाकडे पाठ फिरवून बाबूरावांनी तरुणांचे दल उभे केले. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगण्यावर ताबा मिळविला; नांदगाव-घोसरी येथे इंग्रजी फौजेशी सामना झाला. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला व त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज ठार झाले. ज्या रानात तारुण्याचे मुक्काम पडत, तेच रान आता रणभूमी झाले होते. सवंगड्यांनी एका पावलाने चालावे ही गोटुलाची शिकवण येथे कामी आली असावी, असे आमचे मत आहे.

शस्त्रबळाने जे साधेना ते चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी अन्य मार्गाने साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून बाबूरावांना पकडण्याची योजना आखण्यात आली. भोपाळपट्टणम येथे ते एकदा हाती लागले, परंतु निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पकडले गेले. व्यंकटरावांची जप्त झालेली जमीनदारी पुढे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. हे लिहिताना कोणाच्या वंशजांस दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. परक्याच्या तोफेने जे झाले नाही ते आपसांतील फुटीने झाले, एवढाच बोध घ्यावयाचा आहे.

१२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शासनाने गौरव केला. घरातील गौरव आपल्या हाती आहे. मुलांना फाशीचा पिंपळ दाखवावा, त्याचबरोबर किष्टापूरही दाखवावे. जुरजाकुंवर व राजकुंवर या माउलींची नावे पाठ करवावीत, कारण त्यागाचा अर्धा भार त्यांनीही वाहिला. आणि सणावारी रेल्याची रांग धरताना शेजाऱ्याचा हात घट्ट धरावा. तो सुटू न देणे हेच या वीरास खरे अभिवादन होय.