कापणी यंत्राला टिकाऊ पाते देणारे ओबेद हसी

गव्हाच्या कापणी यंत्राचे जनक म्हणून सायरस मॅकॉर्मिक यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या यंत्राचे पाते ज्या रूपात टिकले, ते ओबेद हसी यांचे. अमेरिकेतील मेन प्रांतात १७९२ मध्ये जन्मलेल्या हसी यांचे तारुण्य सागरावर गेले. जुलै १८३३ मध्ये ओहायोत त्यांनी आपले कापणी यंत्र शेतकऱ्यांसमोर चालवले आणि वर्षअखेरीस, मॅकॉर्मिक यांच्या आधी, पेटंट मिळवले.

एका सलग पात्याऐवजी हसी यांनी पोलादाची त्रिकोणी पाती लोखंडी पट्टीवर रिव्हेटांनी जडवली. खाचा असलेल्या लोखंडी बोटांमधून ही पट्टी वेगाने इकडून तिकडे सरके. बोटे ताटांना आधार देत आणि धारेचे रक्षण करीत. एखादे पाते मोडल्यास तेवढेच बदलता येई. खाचांत काड अडकून यंत्र थांबे. १८४७ मध्ये खाचा मोकळ्या ठेवून त्यांनी तो दोषही दूर केला.

बाजारपेठ मात्र मॅकॉर्मिक यांनी काबीज केली. १८६० मध्ये रेल्वे प्रवासात एका तहानलेल्या बालकासाठी पाणी आणावयास हसी उतरले आणि परतताना सुटत्या गाडीखाली सापडून मरण पावले. आजच्या कम्बाइन हार्वेस्टरमध्ये पीक कापते, ते त्यांच्याच त्रिकोणी पात्यांचे कुळ.