सिराज औरंगाबादी: कितीही वेळा ऐकली तरी शिळी न होणारी गझल

‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क’ ही गझल कुणी गायली नाही? कव्वालीची मैफल असो की मोबाईल, ती सारखी वाजत असते. इतकी ऐकलेली चीज कानाला शिळी वाटायला हवी. पण एखादा कसलेला गायक ती घेतो आणि आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटतं. हे का होतं ते समजायचं तर ती लिहिणाऱ्याचं आयुष्य बघावं लागेल. तो माणूस आपल्याच शहरातला, आजच्या छत्रपती संभाजीनगरातला.

सय्यद सिराजुद्दीन, म्हणजेच सिराज औरंगाबादी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जन्मले. वली यांच्यानंतर दख्खनच्या उर्दू शायरीतलं हे मोठं नाव. वयाच्या बारा-तेराव्या वर्षी त्यांच्यावर जुनून स्वार झाला. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध राहिली नाही. घर सोडून ते खुलताबादला हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात रात्र-रात्र भटकत. निजामुद्दीन औलियांचे मुरीद असलेले हे बुजुर्ग समाचे, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याचे, मोठे शौकीन होते. त्या बेहोशीत सिराज यांच्या तोंडून फारसी शेर निघत. त्यातले बहुतेक हवेतच विरून गेले. ही अवस्था सुमारे सात वर्षं टिकली.

भानावर आल्यावर ते शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचे मुरीद झाले. पीरभाऊ अब्दुल रसूल खान यांच्यासाठी उर्दूत गझला लिहू लागले. त्यांनीच त्या गोळा केल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. पण 1740 च्या सुमारास पीरांनी शायरी सोडायला सांगितली आणि ऐन तारुण्यात, नाव झालेलं असताना, सिराज यांनी ते ऐकलं. पुढे ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी लिहिली, पण गझलेचा तो ओघ परत आला नाही. 1763 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता गझलेकडे येऊ. तिच्या प्रत्येक शेराचा शेवट एकाच शब्दावर होतो: ‘रही’, म्हणजे उरली. प्रेमात शहाणपण गेलं, लाज गेली, मी-तूपण गेलं. मग उरलं काय? ही कहाणी सिराज स्वतः जगले होते.

गझलेला ठरलेली चाल नसते. हैदराबादचे अझीझ अहमद खान वारसी यांनी ती कव्वालीत गायली, पाकिस्तानच्या आबिदा परवीन यांनी आपल्या ढंगात. कव्वाल मध्येच दुसरा शेर जोडतो, त्याला गिरह म्हणतात. तो एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतो. शब्द तेच राहतात, पण ‘रही’ कधी तक्रार होते, कधी शुकराना, तर कधी नुसता उसासा.

गळ्याची करामत दाखवायला गेलं की ही गझल लगेच शिळी होते, कारण तिथे गायकाचा ‘मी’ उरलेला असतो. जो स्वतः बाजूला होतो, त्याच्याच तोंडून ती ताजी निघते. पीरांच्या एका शब्दावर सिराज यांनी कलम खाली ठेवली, तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं. पुढच्या वेळी ही गझल कानावर पडली, तर तो शेवटचा शब्द नीट ऐका.