मजुराच्या रोजाचा कायदा आणि बाबासाहेब

नारायणगुड्यातील आपल्या जुन्या मराठी घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की राज्यघटना आठवते, महाडचे तळे आठवते. मजुराचा किमान रोज कायद्याने ठरावा, हे विधेयकही त्यांनीच मांडले, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत त्यांची वीसेक वर्षे गेली. शेजार सारा गिरणीकामगारांचा. मजुरी म्हणजे काय, हे त्यांना केवळ पुस्तकांतून शिकावे लागले नाही. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते मुंबईच्या कामगारांबरोबर उभे राहिले. आणि 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले.

11 एप्रिल 1946 रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याच वर्षी ते मंडळातून बाहेर पडले. पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना ते संमत होऊन 15 मार्च 1948 पासून कायदा अमलात आला. गिरणीकामगारांना निदान संघटना होती. हा कायदा पाहत होता तो विड्या वळणाऱ्यांकडे, भाताच्या व तेलाच्या गिरण्यांकडे, खडी फोडणाऱ्यांकडे, चामडे कमावणाऱ्यांकडे. रोजाचा आकडा त्यात नव्हता. रेल्वे आणि खाणींचा दर केंद्राने ठरवायचा, बहुतेक इतर धंद्यांचा प्रांताने. तोही गावोगाव निराळा ठेवता येई. सर्वांत पक्की तरतूद अशी, की मजुराने आपखुशीने कमी पैशांवर अंगठा उठवला तरी तो करार रद्द!

त्या दिवशी आपले हैदराबाद निजामाच्याच अमलाखाली होते. कायदा सरहद्दीवर थांबला. बाबासाहेब 1953 च्या जानेवारीत उस्मानिया विद्यापीठाची सन्मान्य पदवी घेण्यास येथे आले, तेव्हा संस्थान भारतात सामील होऊन चार वर्षे उलटली होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा मुंबईकडे गेला, आपण आंध्र प्रदेशात आलो. त्यानंतर पाच आठवड्यांनी, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. नांदेडच्या मजुराचा आणि आपल्याकडच्या मजुराचा दर ठरवणारी सरकारे आता दोन झाली. केंद्राने तळदर ठरवावा व कोणत्याही राज्याने त्याखाली जाऊ नये, ही सक्तीची तरतूद व्हायला 2019 ची वेतन संहिता यावी लागली.

1948 च्या मूळ यादीत घरकाम नव्हते. आपल्या वाड्यांत पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईचा पगार घरच्या मालकीणबाईच ठरवीत, आणि दिवाळीला एक लुगडे दिले की हिशेब पुरा झाला, असे आपण मानीत असू.