विश्लेषण : रायफलचा नेम नळीवर कसा ठरतो? व्हिटवर्थ यांनी काय शोधले?

वर्कशॉपमध्ये ‘बीएसडब्ल्यू’ आटे सर्वांना माहीत असतात. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ (१८०३-१८८७).

प्रयोग काय होता?
१८५४ मध्ये सरकारने त्यांच्याकडे रायफली बनवणारी यंत्रे मागितली. आधी नेम का चुकतो ते शोधू, असा त्यांचा आग्रह होता. मँचेस्टरजवळच्या घराच्या आवारात त्यांनी ५०० यार्डांची बंदिस्त रेंज बांधली. कागदी पडद्यांवरच्या छिद्रांवरून गोळीचा मार्ग तपासला.

काय बदलले?
एनफिल्डची नळी ०.५७७ इंचांची, पीळ ७८ इंचांत एक. व्हिटवर्थ यांची नळी षटकोनी, ०.४५१ इंचांची, पीळ २० इंचांत एक. गोळी त्यात नेमकी बसे. १८५७ च्या चाचणीत तिने एनफिल्डला मागे टाकले.

नळी हलली नाही तर?
१८६० मध्ये विम्बल्डनला ही रायफल स्टँडवर घट्ट बसवली होती. राणी व्हिक्टोरियांनी फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली.

तरी लष्कराने का नाकारली?
ती महाग होती आणि अरुंद नळीत दारूची काजळी साचे. मात्र १८७१ मध्ये लष्कराने घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीची नळीही ०.४५ इंचांचीच होती.