पायदळ मिळालं, रणगाडा हवा होता

पहाटे पाचला बीडमध्ये जाग कुठे असते? स्टँडवर थोडीफार, पण खरी जाग ग्राउंडवर. अंबाजोगाई असो, गेवराई असो की आष्टी-पाटोद्याकडचा एखादा फाटा, अंधारात धापा टाकत पळणारी पोरं दिसणारच. सोळाशे मीटर, पुलअप्स, मग परत रूमवर येऊन जीके. दिवाळीच्या आसपास ज्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला कुलूप लावून निघतात, त्या गावातल्या पोराला वर्दी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. हातात कोयता की अंगावर वर्दी, एवढा सरळ हिशोब असतो तो.

पण याच पोरांना विचारून बघा, कशात भरती व्हायचंय? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, जे मिळंल त्यात. अग्निवीरचा फॉर्म भरताना मात्र जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन असे रकाने समोर येतात आणि मित्राने जे भरलं तेच आपण भरतो. बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेला मुलगाही जीडी टाकून मोकळा होतो. पुढे कुठल्या रेजिमेंटला, कुठल्या कोअरला जायचं, हे तर सैन्यच ठरवतं. आपल्या हातात असतं ते थोडंच, आणि त्या थोड्याचाही आपण विचार करत नाही.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट. याला सैन्यात जायचं होतं हे पक्कं, आणि कुठल्या शाखेत जायचं होतं हेही पक्कं. मिळालं मात्र दुसरंच. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जीकेच्या पुस्तकात परमवीर चक्राच्या यादीत हे नाव तुम्ही पाठ केलेलं असतं, १९६५, पुणे हॉर्स, मरणोत्तर. बस, एवढंच. त्यांचा आपल्या भागाशी असलेला संबंध त्या पुस्तकात नसतो.

जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. पारशी घर. मूळ पुरुष रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यातल्या तारापूर गावावरून आडनाव पडलं, असं घराण्यात सांगितलं जातं. पुढे आजोबा हैदराबादला गेले आणि निजामाच्या आबकारी खात्यात नोकरीला लागले. हा हैदराबादचा धागा लक्षात ठेवा. वडील कस्टम्समध्ये. घरात सगळे त्याला आदी म्हणत. लहानपणची एक आठवण नेहमी सांगितली जाते. घरची गाय दावं तोडून बहिणीच्या अंगावर धावून आली, तेव्हा सहा वर्षांच्या आदीने काठी घेऊन मध्ये उडी मारली आणि गाईच्या नाकावर फटका हाणला. थोरांच्या बालपणात अशी एखादी गोष्ट असतेच म्हणा, पण पुढे जे घडलं ते पाहिल्यावर ही खोटी वाटत नाही.

सातव्या वर्षी त्याला पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत बोर्डिंगला टाकलं. अभ्यासात बेताचाच. बॉक्सिंग, पोहणं, टेनिस, क्रिकेट यात पुढे. १९४० ला मॅट्रिक झाला आणि सैन्यात अर्ज केला. निवड झाली ती हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात. गोवळकोंड्याला आणि मग बंगळूरला ट्रेनिंग, आणि १९४२ च्या सुरुवातीला सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक. कुठे? ७ हैदराबाद इन्फंट्री. म्हणजे पायदळ.

इथे थोडं थांबू. १९४२ साली आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. तेव्हा ज्या सैन्यात हा तरुण भरती झाला ते आपल्यावर राज्य करणाऱ्या निजामाचं सैन्य. तुमच्या आज्या-पणज्यांनी रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या असतील, रात्री शेतात लपून काढल्याच्या, दागिने पुरून ठेवल्याच्या. त्यामुळे निजामाची वर्दी म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठी पडते, आणि ती पडणं साहजिक आहे. पण रझाकार म्हणजे लातूरच्या वकिलीतून पुढे आलेल्या कासीम रझवीची खासगी टोळी, आणि संस्थानाचं नियमित लष्कर ही वेगळी चीज. त्या लष्कराचे प्रमुख होते मेजर जनरल एल एद्रूस, आणि त्यांच्यामुळेच आदीच्या आयुष्याला वळण मिळालं.

तर, पायदळ. आदीचं मन तिथे लागेना. त्याला चिलखती दल हवं होतं, रणगाडे, चिलखती गाड्या. त्या काळातल्या तरुण अधिकाऱ्यांना या शाखेचं आकर्षण का असावं हे समजण्यासारखं आहे. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांच्या लढाया चालल्या होत्या. पण पायदळ दिलंय म्हटल्यावर पायदळ. लष्करात नाराजीचा फॉर्म नसतो.

मग एक दिवस बटालियनची तपासणी करायला खुद्द एल एद्रूस आले. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवख्या जवानाने पिन काढली, पण घाबरून नीट फेकलाच नाही. बॉम्ब बाहेर जाण्याऐवजी फेकण्याच्या आडोशातच पडला. पिन निघाल्यावर हातात असतात काही सेकंद. तारापोरने आत उडी घेतली, बॉम्ब उचलला आणि भिरकावला. तो हवेतच फुटला. कपच्या त्याच्या छातीत घुसल्या, पण जवान वाचला आणि तोही.

एल एद्रूस यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी या पोराला आपल्या कचेरीत बोलावून शाबासकी दिली. आता बघा, सैन्याचा सर्वोच्च अधिकारी खुश होऊन समोर बसलाय, अशा वेळी माणूस काय मागेल? बढती, रजा, चांगल्या ठिकाणी पोस्टिंग. तारापोरने मागितली बदली, चिलखती दलात. आणि ती मिळाली. १ हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स. नाव भालाईत घोडेस्वारांचं, काम चिलखती गाड्यांचं. या तुकडीबरोबर ते महायुद्धात मध्यपूर्वेत जाऊन आले.

मला या प्रसंगात बॉम्बपेक्षा बदलीची मागणी मोठी वाटते. धाडस त्या क्षणी उसळून येतं. पण आपल्याला नेमकं काय करायचंय हे विशीच्या आत ठाऊक असणं, आणि संधी समोर आली तेव्हा जिभेवर तेच येणं, हे रोज होत नाही. शिवाय ही बदली काही आरामाच्या जागेवर नव्हती. पायदळातल्या माणसाला आडोसा घेता येतो, जमिनीला चिकटून राहता येतं. रणगाड्याला लपायला जागा नसते आणि पेटला तर बाहेर पडायला मोजके क्षण. हे माहीत असून ती जागा मागितली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. एल एद्रूस यांनी शरणागती पत्करली ती मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यासमोर. हे नाव पुढे परत येणार आहे. संस्थानाचं सैन्य मोडीत निघालं. भारतीय लष्करात सामावून घेतलेल्या अधिकाऱ्यांत तारापोर होते. १९५१ ला त्यांची नेमणूक पुणे हॉर्समध्ये झाली. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ च्या सुमारास पुण्यात उभी राहिलेली ही घोडदळाची रेजिमेंट, एव्हाना रणगाड्यांवर आलेली. विचार करा, काल ज्या सैन्याने आपल्या सैन्याला शरण आणलं, त्याच सैन्यात आज अधिकारी म्हणून उभं राहायचं. सगळं परत शून्यातून सिद्ध करायचं. तारापोर त्या मेसमध्ये रुजले, वाढले आणि शेवटी त्याच रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर झाले. मध्ये चौदा वर्षं गेली. लढाईच्या गोष्टींत ही वर्षं एका ओळीत उरकतात, आपणही तेच करतोय, पण गोळा-बारूद, तेल, पट्टे, इंजिन आणि नकाशे यातच ती गेली असणार हे ध्यानात असू द्या.

सप्टेंबर १९६५. भारत-पाकिस्तान युद्ध, सियालकोट आघाडी. पुणे हॉर्सकडे सेंच्युरियन रणगाडे होते, पन्नास टनांच्या आसपास वजनाचे. आत माणसं फक्त चार. कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. चौघांची कामं चार, पण एकाचं चुकलं तर चौघंही जातात. ड्रायव्हरला पुढचं थोडंसंच दिसतं, लोडरला जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतं ते कमांडरला, आणि नीट बघायचं तर त्याला डोकं बाहेर काढावं लागतं. समोर अमेरिकन बनावटीचे पॅटन होते.

११ सप्टेंबरला फिल्लोरा घ्यायचं होतं, मागच्या बाजूने. पुणे हॉर्स पुढे सरकली तेव्हा वझीरवालीकडून शत्रूच्या रणगाड्यांनी उलटा हल्ला चढवला. तारापोर यांनी जागा सोडली नाही. एका स्क्वाड्रनने, पायदळाच्या बटालियनला सोबत घेऊन, फिल्लोऱ्यावर चाल केली. यात ते जखमी झाले. मागे जाण्याची मुभा होती, त्यांनी नाकारली. फिल्लोरा पडलं. १४ तारखेला जखमी अवस्थेतच त्यांनी वझीरवाली घेतलं. १६ तारखेला जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांडी. चाविंड्यावर मागून जाणाऱ्या आपल्या पायदळाला आधार म्हणून या दोन जागा धरून ठेवणं भाग होतं. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर कितीतरी गोळे आदळले, तरी दोन्ही जागा त्यांनी सोडल्या नाहीत. या सहा दिवसांत रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले, आपले गमावले नऊ.

त्याच १६ सप्टेंबरला तोफगोळ्याने ते प्राणघातक जखमी झाले आणि गेले. वय ४२. त्यांच्यामागे रेजिमेंट लढत राहिली. चाविंडा मात्र शेवटपर्यंत हाती आलं नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे शौर्यकथा सांगताना हा भाग गाळायची सवय आहे. ज्या हल्ल्याला आधार देताना हा माणूस गेला, तो हल्ला यशस्वी झाला नाही. त्याने त्यांच्या कामाचं मोल कमी होत नाही, पण युद्ध असंच असतं, आणि वर्दी घालायला निघालेल्या माणसाला ते आधी कळलेलं बरं.

त्या वेळी देशाचे लष्करप्रमुख कोण होते? जनरल जयंतनाथ चौधरी. सतरा वर्षांपूर्वी हैदराबादेत एल एद्रूस यांची शरणागती घेणारे तेच. ज्या संस्थानी सैन्यातून तारापोर आले ते चौधरींनी मोडलं, आणि त्याच चौधरींच्या लष्कराला त्या सैन्यातून आलेल्या अधिकाऱ्याने परमवीर चक्र मिळवून दिलं. आजवर परमवीर मिळालेल्या २१ जणांत हुद्द्याने सर्वांत वरचे तारापोरच.

लढाईच्या आधी त्यांनी एका सहकाऱ्याजवळ निरवानिरव करून ठेवली होती. आपण पडलो तर दहन रणांगणावरच करायचं. पारशी रीतीत दहन नसतं, पण त्यांनी तेच मागितलं. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्यायचं, अंगठी मुलीला, पेन मुलाला. गोळीबार चालू असतानाच १७ सप्टेंबरला त्यांचं दहन झालं. आपल्याकडे मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं ती तारीख.

सहा वर्षांनी, १९७१ च्या १६ डिसेंबरला याच रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालने बसंतरला पेटत्या रणगाड्यातून लढत जीव दिला आणि पुणे हॉर्सकडे दुसरं परमवीर आलं. तो २१ वर्षांचा होता.

भरतीच्या धावपळीतून एक रविवार काढता आला तर शेजारच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जा. चिलखती दलाचं ट्रेनिंग सेंटर तिथेच आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचंही तिथेच, आणि रणगाड्यांचं एक मोकळ्यावरचं म्युझियमही. सेंच्युरियन तिथे उभा आहे. त्याच्याजवळ उभं राहा, वरचं झाकण बघा, ज्यातून कमांडरचं डोकं बाहेर असतं. आत जागा किती असेल याचा अंदाज घ्या. मग घरी येऊन फॉर्म उघडा आणि रकाने परत एकदा वाचा.