हरलेल्या संपाचा खासदार

नवापूरच्या मित्रांनो, निवडणुकीत कधी दारोदार फिरलात? मग डॉ. दत्ता सामंत माहीत हवेत. १९३२ साली मालवणजवळच्या देवबागेत जन्म, पुढे घाटकोपरला दवाखाना. पेशंट कोण, तर खाणीत दगड फोडणारे मजूर. त्यांच्या दुखण्याचं मूळ कामातच दिसलं आणि डॉक्टर युनियनमध्ये उतरले. १८ जानेवारी १९८२ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर संपावर गेले. संप फसला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तरी १९८४च्या काँग्रेस लाटेत गिरणगावाने डॉक्टरांनाच लोकसभेत धाडलं! मोठ्या पक्षाची यंत्रणा नव्हती. होते ते चाळीचाळीतले कामगार. १६ जानेवारी १९९७ला पवईत डॉक्टरांचा खून झाला. तेव्हा मत मागायला दार वाजवण्याआधी विचारा: अडचणीत आपण इथे आलो होतो का?